खरकट्याचा डबा आणि शेजारधर्म



या अंकातला पाठ कोणत्याही पुस्तकात नाही. तो आम्हाला आपल्याच शाळेच्या मागच्या भिंतीपाशी शिकायला मिळाला.

गेल्या पावसाळ्यात एके दुपारी, जेवणाची सुट्टी संपल्यावर, शाळेमागच्या घरातील अम्मा आमच्या खोलीत आल्या. त्या भांडायला आल्या नव्हत्या, आणि तेच आम्हाला जास्त लागले. त्या म्हणाल्या, "सर, तुमची लेकरं गुणाची आहेत. पण तुमचं जेवण झालं की आमच्या घरी माश्या जेवायला बसतात."

आम्ही त्यांच्याबरोबर भिंतीमागे जाऊन पाहिले. भात, सांबार, अर्धवट खाल्लेल्या चपात्या, केळीची साले आणि बिस्किटांचे पुडे यांचा ढीग पडला होता. दोन कुत्री तो उकरत होती. अम्मांच्या घरात तान्हे नातवंड होते आणि आठ दिवसांपासून त्याला जुलाब होत होते. ते आमच्याच खरकट्यामुळे झाले असे कोणी सिद्ध करू शकत नाही. पण तसे झाले नाही, असेही आम्हाला छातीवर हात ठेवून सांगता येईना. रोज सकाळी प्रार्थनेनंतर आम्हीच स्वच्छतेवर बोलतो. आमचे अंगण स्वच्छ होते, कारण आमची घाण दुसऱ्याच्या दारात होती.

आम्ही अम्मांची माफी मागितली. त्यानंतर जे वाचले, करून पाहिले आणि चुकून शिकलो, ते येथे देत आहोत.

तीन शब्द, तीन उपाय

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत ताटात जे उरते त्याला बहुधा 'जूठन' म्हणतात. मराठीत मात्र त्याचे वेगवेगळे शब्द आहेत, आणि त्या शब्दांतच उपायही आहेत.

शिळे म्हणजे वेळेवर न संपलेले, पण कोणी तोंड न लावलेले अन्न. ते नीट झाकून ठेवले व खराब झाले नसेल तर कचरा नव्हेच. रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी मिळते, भाकरीचा कुस्करा होतो. मात्र वास किंवा चव बदलली असेल तर हट्टाने खाऊ नये.

उष्टे म्हणजे आपण ताटात वाढून घेतले व टाकले ते. याला एकच उपाय आहे. आधी थोडे वाढून घ्यावे, लागले तर पुन्हा मागावे.

खरकटे म्हणजे भांड्याला, ताटाला लागून राहिलेले शितकण व रस्सा. ते कितीही काळजी घेतली तरी राहणारच. भाजीची देठे व फळांची साले यांच्यासह ते ओल्या कचऱ्यात जाते.

हा प्रश्न एकट्या मन्नाएखेळ्ळीचा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातील सुमारे ६० टक्के घराघरांतून गेले.

माशीचा हिशेब

घरमाशी एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते. ओले, कुजणारे अन्न ही तिची आवडती जागा. उबदार हवेत अंड्यातून एका दिवसात अळी निघते आणि साधारण सात ते दहा दिवसांत पूर्ण माशी तयार होते. आता मुलांनीच हिशेब करावा. खरकट्याचा डबा आठवड्यातून एकदा रिकामा केला, तर आपण कचरा साठवला की माश्या पाळल्या?

माशीला दात नसतात. ती अन्नावर आपली लाळ सोडते, ते विरघळवते व शोषून घेते. उकिरड्यावरून उठून ती थेट आपल्या ताटावर बसते. तिच्या पायांबरोबर हगवण, जुलाब व विषमज्वराचे जंतू येऊ शकतात. आपल्या गल्लीत मराठी, कन्नड, उर्दू व तेलुगू बोलणारी घरे भिंतीला भिंत लावून आहेत. माशीला भाषाही कळत नाही आणि भिंतही.

मामला आणि सुरत

३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आमच्या पिढीला आठवतो. त्याचा हादरा बिदरकडेही जाणवला होता. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातील मामला गावात लोकांना पिसवांचा त्रास सुरू झाला, उंदीर मरून पडू लागले आणि गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण सापडले. भूकंपानंतर ओस घरांत राहिलेल्या व साठवलेल्या धान्यावर उंदीर वाढले, असे त्या वेळी अनेक जाणकारांनी सांगितले. सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगने पन्नासच्या आसपास माणसे दगावली आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. खानदेशातून तेथे कामाला गेलेली मराठी कुटुंबेही त्या शहरात राहत होती.

त्याच सुरतेत मे १९९५ पासून आयुक्त एस. आर. राव यांनी सफाईची शिस्त लावली. रात्रीची झाडलोट, कचरा टाकणाऱ्याला दंड, खाण्याच्या दुकानांची तपासणी असे उपाय झाले आणि दोन वर्षांच्या आत शहराचे नाव देशातील स्वच्छ शहरांत घेतले जाऊ लागले. यातून घाबरायचे नाही, एवढेच शिकायचे की सांडलेले अन्न उंदराला बोलावते आणि उंदराबरोबर काय येईल ते आपल्या हातात राहत नाही. जे हातात आहे ते स्वयंपाकघरात आहे.

वेंगुर्ल्याने काय केले?

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले हे लहान गाव. तेथील नगरपरिषदेचे मुख्याधिकारी रामदास कोकरे यांनी २०१५ पासून घराघरांतून कचरा वेगवेगळा घेण्याचा आग्रह धरला. पुढे तो वीसहून अधिक प्रकारांत वेगळा होऊ लागला. ओल्या कचऱ्यापासून खत व बायोगॅस मिळू लागला, प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात वापरले गेले आणि जेथे पूर्वी नाक दाबावे लागे त्या कचरा डेपोची बाग झाली. लोक ती पाहायला येऊ लागले.

यातले मर्म साधे आहे. खरकटे आणि प्लास्टिक एकदा मिसळले की दोन्ही वाया जातात. वेगळे राहिले तर एक खत होते आणि दुसरे विकले जाते. केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनीही कचरा वेगळा करण्याची जबाबदारी, ज्याच्या हातून तो निर्माण होतो त्याच्यावरच टाकली होती. ती ना झाडूवाल्या ताईंवर आहे, ना घरातल्या एकट्या आईवर.

आमचा फसलेला खड्डा

भिंतीमागची जागा आधी आम्ही, शिक्षकांनी, स्वतः साफ केली. मग शाळेच्या कोपऱ्यात, नळापासून दूर, तीन फूट लांब, तीन फूट रुंद व अडीच फूट खोल खड्डा घेतला. आठ दिवसांत त्याला अशी दुर्गंधी सुटली की आठवीच्या वर्गाने खिडक्या बंद केल्या. आमची चूक कळली. आम्ही सांबारासकट सगळे खड्ड्यात ओतत होतो आणि वरून पाऊसही पडत होता.

आता पद्धत अशी आहे. खरकटे आधी चाळणीत निथळते. ओल्या थरावर तेवढाच वाळलेल्या पानांचा थर आणि वर मूठ-दोन मूठ माती पडते. आठवड्यातून एकदा काठीने ढवळतो व वर पत्रा झाकतो. हवा खेळली की वास येत नाही. अडीच महिन्यांत काळे, भुसभुशीत खत तयार झाले. त्यातले पहिले दोन घमेले अम्मांनी त्यांच्या कढीपत्त्याच्या झाडासाठी नेले. आमचा अपराध तेवढ्याने फिटला असे आम्ही मानत नाही. पण आता त्या भिंतीवरून मुलांची विचारपूस करतात.

घरी एवढे कराच

१. दोन डबे ठेवा, एक ओल्यासाठी व एक सुक्यासाठी. ओल्याला घट्ट झाकण हवे. तो रोज रिकामा करा व धुऊन उलटा वाळत घाला.

२. फुटकी काच, ब्लेड, सुई, सॅनिटरी पॅड व डायपर कागदात गुंडाळून वेगळे द्या. आपल्या डब्यात कोणाचा तरी हात जातो, हे विसरू नका.

३. ताजी साले, देठे जनावरांना घाला, पण पिशवीत बांधून कधीच नाही. गाय पिशवीसकट गिळते व ते प्लास्टिक तिच्या पोटात साचते.

४. डब्याला हात लागल्यावर, शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने किमान वीस सेकंद हात धुवा.

५. शेजाऱ्याची चूक दिसली तर आधी गोडीने बोला, अम्मांनी केले तसे. आणि आपली चूक कोणी दाखवली तर हुज्जत न घालता जाऊन पाहा.

येळवसेला आपण सारे शेतात जातो, भज्जी व आंबीलचा आनंद घेतो. पूर्वी पानावर जेवण होई, उरलेले मातीत जाई व मागे काही राहत नसे. आता मागे थर्माकोलच्या ताटल्या राहतात. यंदा प्रत्येक कुटुंबाने पानावर किंवा घरच्या ताटात जेवावे, ही पालकांना विनंती. विश्वस्त मंडळाकडेही आमचे एक मागणे आहे. हात धुण्याच्या जागी आणखी चार नळ आणि दुसरा खड्डा मंजूर व्हावा, म्हणजे एक भरेपर्यंत दुसऱ्यातले खत तयार होईल.

गृहपाठ: सात दिवस आपल्या घरचा ओला कचरा रोज वजन करून वहीत लिहा. त्यात शिळे, उष्टे व खरकटे किती, हे वेगळे मांडा. आठव्या दिवशी घरातल्या सर्वांना वाचून दाखवा आणि मग भिंतीपलीकडे एकदा डोकावून या.