एका अरण्यांत तीनशें जाती

"बळी तो कान पिळी" ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. आणि डार्विनचें नांव कानांवरून गेलेल्या पुष्कळांची अशी समजूत असते कीं, सृष्टीचाही हाच एक नियम आहे. परंतु हा नियम खरोखरच अबाधित असता, तर एव्हांना प्रत्येक अरण्यांत एकाच जातीचे वृक्ष उरले असते. प्रत्यक्षांत तसें दिसत नाहीं. पनामाच्या कालव्यासाठीं चाग्रेस नदीस धरण बांधलें, तेव्हां एका डोंगराचा माथा पाण्याबाहेर राहून त्याचें बेट झालें. बारो कोलोरॅडो हें त्याचें नांव. या बेटावर १९८० सालीं शास्त्रज्ञांनीं ५० हेक्टर, म्हणजे सुमारें सव्वाशें एकर, अरण्य मोजणीसाठीं आंखून घेतलें. एक सेंटिमीटर जाडीच्या रोपापासून प्रचंड वृक्षापर्यंत त्यांत दोन लाखांहून अधिक खोडें आढळलीं, आणि त्यांच्या जाती भरल्या सुमारें ३००! ऊन तेंच, पाऊस तोच, आणि त्यांवर हक्क सांगणारे इतके. यांतील सर्वांत समर्थ जातीनें इतरांस अद्यापि हुसकून कां लाविलें नाहीं?

प्रथम झगडा कसा चालतो तें पाहूं. पॅरामीशियम नांवाचा एकपेशीय प्राणी सांचलेल्या पाण्यांत सांपडतो. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं तो सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला असेल. मॉस्को येथील गाउझे या तरुण शास्त्रज्ञानें त्याच्या दोन जाती, ऑरेलिया व कॉडेटम, कांचेच्या नळ्यांत वाढविल्या आणि १९३४ सालीं आपले प्रयोग ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. वेगवेगळ्या नळ्यांत ठेविल्या असतां दोन्ही जाती सुखानें वाढल्या. एकाच नळीत ठेवून ठराविक मापानें जंतूंचें खाद्य दिलें, तेव्हां मात्र कॉडेटमची संख्या दिवसेंदिवस घटत जाऊन अखेर ती नष्ट झाली. एकीनें दुसरीवर हल्ला केला नव्हता. अन्न तेवढें आधीं उचललें. गंमत अशी कीं, या दोहोंत आकारानें मोठी होती ती कॉडेटमच! तेव्हां "बळी" कोणास म्हणावें, हेंही देहाकडे पाहून ठरवितां येत नाहीं.

याच गाउझेनें कॉडेटमच्या सोबतीस बर्सारिया ही तिसरी जात ठेविली, तेव्हां दोन्ही जगल्या. कारण एक जात वरच्या पाण्यांत तरंगणारे जंतु खात होती व दुसरी तळाशीं बसलेलें किण्व. एका घरांत दोन चुली मांडल्या आणि भांडण मिटलें. पुढें १९५८ सालीं मॅकआर्थर या अमेरिकन शास्त्रज्ञानें असेंच पांच जातींच्या चिमुकल्या कीटकभक्षक पक्ष्यांविषयीं दाखवून दिलें: ते एकाच जातीच्या सूचिपर्ण वृक्षांवर चरत, पण कोणी शेंड्याकडे, कोणी मधल्या फांद्यांत, तर कोणी खालच्या अंगास.

हें उत्तर सुबक आहे, परंतु पुरेसें नाहीं. पक्ष्यांना फांद्या वांटून घेतां येतील. वनस्पतींनीं काय वांटावें? सर्वांस प्रकाश हवा, पाणी हवें आणि मोजके क्षार हवेत. हचिन्सन या विद्वानानें १९६१ सालीं हाच पेंच पाण्यांतील सूक्ष्म वनस्पतींच्या बाबतींत मांडला होता: एकाच तळ्याच्या एकजीव पाण्यांत त्यांच्या कितीतरी जाती कशा नांदतात? ३०० चुली मांडण्याइतकें मोठें घर तर कोठेंच नाहीं.

तेव्हां दुसरीकडे पाहिलें पाहिजे, आणि तेंही समर्थांच्या शत्रूंकडे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर मकाह उपसागराच्या खडकांवर रॉबर्ट पेन यांनीं १९६३ सालीं एक अगदीं साधा प्रयोग आरंभिला. सुमारें आठ मीटर लांबीच्या पट्ट्यांतून त्यांनीं एका मोठ्या जातीचे तारामासे उपटून समुद्रांत फेंकून दिले, व पुन्हा आले कीं पुन्हा फेंकले. हे तारामासे शिंपल्यांवर उपजीविका करितात. भक्षक गेला म्हणजे सारे दुबळे जीव आनंदानें वाढतील, असें आपणांस वाटेल. झालें उलट. शिंपल्यांनीं खडक व्यापीत आणिला. समुद्रवनस्पति, खडकास चिकटून राहणाऱ्या गोगलगाई वगैरेंना पाय ठेवण्यास जागा उरेना. पूर्वीं तेथें १५ जाती होत्या, त्यांपैकीं ८ च राहिल्या, असें पेन यांनीं १९६६ सालीं लिहिलें. ज्यांना तारामासा कधीं खातही नसे, त्यांचेंही घर त्याच्याच आधारावर उभें होतें! कमानीच्या माथ्यावरील कळीच्या दगडाची उपमा पेन यांनीं पुढें अशा प्राण्यास दिली, ती यथार्थ आहे. आणि हा विषय जुना झालेला नाहीं. २०१३ पासून त्याच किनाऱ्यावर एका रोगानें असंख्य तारामासे अक्षरशः विरघळून मेले. मनुष्यानें आठ मीटरांत केलें तें रोगानें शेंकडों मैल केलें.

अरण्यांत तारामाशाचें काम कोण करितो? जॅन्झेन यांनीं १९७० सालीं व कॉनेल यांनीं १९७१ सालीं, स्वतंत्रपणें, एकच उत्तर सुचविलें: किडे आणि बुरशी. प्रत्येक वृक्षाचे कांहीं खास शत्रु असतात व ते त्याच्याच भोंवतीं गोळा होतात. म्हणून आईच्या पायाशीं पडलेलें बीं बहुधा मरतें, दूर गेलेलें जगतें, आणि आईशेजारची जागा परजातीच्या रोपास मिळते. जी जात संख्येनें वाढते तिचे शत्रुही वाढतात. विरळ जातीस मात्र उसंत सांपडते. आपल्या शेतकऱ्यास यांत नवल वाटणार नाहीं. एकाच शेतांत वर्षानुवर्षें तूर घेतली तर मर रोगाची बुरशी मातींत ठाण मांडून बसते, म्हणून तो पिकाचा फेरपालट करितो. अरण्य हा फेरपालट आपणच करितें, एवढेंच.

ही कल्पना पारखूनही पाहिली गेली आहे. बारो कोलोरॅडो बेटावर पडलेलें बीं व उगवलेलीं रोपें यांची तुलना करून २००० सालीं असें दाखविण्यांत आलें कीं, तपासलेल्या ५३ जातींपैकीं प्रत्येक जातींत, बीं जेथें दाट पडलें तेथें त्यांतून रोप होण्याचें प्रमाण कमी होतें. ५३ मध्यें एकही अपवाद नसावा, हें मला तरी विशेष वाटतें. पुढें बेलीझ देशाच्या अरण्यांत कांहीं जागांवर बुरशीनाशक औषध फवारीत राहिले. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा कीं, तेथील रोपांतील जातींची विविधता घटली. ज्या बुरशीस आपण केवळ नाशकारी समजतों, ती नाहींशी होतांच अरण्याची समृद्धीच खालावली.

तथापि सर्व विद्वानांचें एकमत झालें आहे असें नाहीं. बारो कोलोरॅडोची मोजणी सुरू करणाऱ्यांपैकींच एक, स्टीफन हबेल, यांनीं २००१ सालीं एक धीट मत ग्रंथरूपानें मांडलें. त्यांचें म्हणणें असें कीं, सर्व जाती जवळजवळ तुल्यबळ मानाव्या. एक वृक्ष पडला कीं त्याची जागा कोणास मिळावी हें बव्हंशीं दैवावर, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें ठरतें. जाती नाहींशा होतात, पण फार सावकाश, आणि तोंवर नव्या येतात. इतक्या थोड्या गृहीतांवरून कोणती जात किती विपुल व किती विरळ असावी याचा अंदाज बराच जमतो, हें या मताचें खरें बळ होय. पण वरील ५३ जातींचा हिशेब त्यांत सहजीं बसत नाहीं. कारण निव्वळ चिठ्ठी दाट व विरळ असा भेद करीत नसते. दोन्ही पक्ष पुरावा म्हणून बोट दाखवितात तें मात्र एकाच बेटाकडे, जेथें तींच दोन लाख खोडें सुमारें दर पांच वर्षांनीं पुन्हा मोजण्याचा परिपाठ ठेविला आहे.