पॅकरॅटचे घर आणि त्यातील पाहुणे

रानबकऱ्यांना डोंगर व दुबळ्या प्राण्यांना खडकांच्या कपारी परमेश्वराने नेमून दिल्या, हे स्तोत्रसंहितेच्या १०४ व्या स्तोत्रावरून आपण जाणतो. परंतु जेथे कपारी नाहीत व सावलीही विरळ, तेथे दुबळ्यांनी कोठे जावे? उत्तर अमेरिकेतील सोनोरा नामक वाळवंटात उन्हाळ्याची भूमी अशी तापते की, उघड्यावर सापडलेला लहान जीव वाचणे कठीण. तेथे पुष्कळांचा आश्रय म्हणजे एका उंदराचे घर होय.

या उंदरास पॅकरॅट म्हणतात. त्याचे वजन सुमारे २०० ग्रॅम. काटक्या, हाडे, वाळके शेण व चोया नावाच्या निवडुंगाचे काटेरी तुकडे वाहून आणून तो ढीग रचितो. हा ढीग कधी कधी माणसाच्या कमरेइतका उंच होतो. चोयाचे काटे आपल्या पायात रुतले तर चिमट्यावाचून निघत नाहीत. हा मात्र त्यांवरून खुशाल धावतो, आणि कोल्ह्यासारखे शत्रू ते काटे पाहून बाहेरच राहतात. आत गवताचे मऊ कोटे असते. पाणी तो क्वचितच पितो. निवडुंगाच्या गरातील ओलावा त्यास पुरतो.

आत बाहेरच्यापेक्षा गारवा असल्यामुळे सरडे, विंचू, रातकिडे, लहान उंदीर, शेपटी खुळखुळविणारे विषारी साप, क्वचित् कासवही तेथे येऊन राहते.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी येथे सावध असावे. पॅकरॅट मोठा आतिथ्यशील आहे, असे मुलांस सांगू नये. ते खरे नव्हे. तो एकलकोंडा असून स्वजातीयास घरात घुसू देत नाही. घर त्याने स्वतःपुरतेच बांधिले. तरी देवाने दुबळ्यांची सोय करावयाची ती त्याच घरात केली. बांधणाऱ्याच्या मनाची थोरवी पाहिली नाही. शिवाय सर्वच पाहुणे निरुपद्रवी नसतात. ढेकणाच्या दूरच्या नात्यातला एक किडा तेथेच लपून रात्री यजमानाचे रक्त पितो, व त्याच्यापासून माणसास चागास नावाचा रोग होऊ शकतो.

एक उंदीर मेला म्हणजे दुसरा त्या घरात येतो व वर आणखी काटक्या रचितो. खडकांच्या आडोशाला, जेथे पाऊस पोहोचत नाही, तेथे उंदरांच्या मुत्राने घट्ट झालेले असे काही ढीग ४०,००० वर्षांहून जुने आढळले आहेत; त्यांतील पाने व बिया आजही ओळखता येतात.