मॅडम, तुमचं काय जातंय यात?

विकास आराखड्यावर हरकत घेणाऱ्याला सुनावणीच्या टेबलावर आधी कागद मागतात. सातबारा आणलाय का, मालमत्ता पत्रक आणलंय का, बाधित क्षेत्र किती? माझ्याकडे यातलं काही नव्हतं, कारण माझी फूटभर जागाही आराखड्यात जात नव्हती. जात होतं ते मैदान. जुन्या आराखड्यात खेळाच्या मैदानासाठी राखलेला तो सर्व्हे नंबर नव्या प्रारूपात पिवळा झाला होता, म्हणजे रहिवास विभागात गेला होता. समितीतल्या एका गृहस्थांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "मॅडम, मग तुमचं काय जातंय यात?"

शहराचं नाव घेत नाही, प्रकरण अजून शासनाकडे पडून आहे. पण या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याच कायद्यात आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966. त्याच्या कलम 28 प्रमाणे प्रारूपावर कोणीही लेखी हरकत किंवा सूचना देऊ शकतं, त्यासाठी मालकी लागत नाही. मी हे तिथल्या तिथे सांगितलं, कलमाच्या आकड्यासकट. "बरं बरं, मुद्दा काय तो बोला," एवढंच उत्तर मिळालं. आमच्या आधी एका जमीनमालकाचे आर्किटेक्ट आले होते. त्यांना "या, बसा" म्हणून खुर्ची दिली गेली, त्यांचा रंगीत नकाशा टेबलभर पसरला, चहासुद्धा आला. आम्ही उभ्यानेच बोललो.

तोवरही मी म्हणत होते, ठीक आहे, माणसं दमलेली असतात, दिवसभर तेच ते ऐकायचं. मग टेबलावरच्या तक्त्याकडे लक्ष गेलं. अनुक्रमांक, अर्जदाराचं नाव, हरकतीचा गोषवारा आणि शेवटच्या रकान्यात अभिप्राय. आमच्या ओळीसमोर छापलेलं होतं, 'बदल आवश्यक नाही'. तेही मी तोंड उघडण्याआधीच! मी वाचतेय हे लक्षात आल्यावर लिपिकाने त्यावर फाइल सरकवली. विचारलं तर अधिकारी म्हणाले, "तो प्रशासनाचा अभिप्राय आहे, समितीचा निर्णय नाही." नियमाने असेलही तसं. पण त्या दिवशी आमच्यामागे रांगेत उभ्या असलेल्यांपैकी किती जणांचा निकाल असा आधीच छापून आला होता, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

त्याहून चीड आली ती गोषवाऱ्याची. आमच्या चार पानी अर्जाचा सारांश होता, 'अर्जदारांची मैदानाची मागणी'. आम्ही काही मागितलंच नव्हतं. जे आहे ते काढू नका, एवढंच म्हणत होतो. मागणी म्हटलं की नाकारणं सोपं जातं. परिसरात पुरेशी मैदानं आहेत, निधी नाही, झालं.

म्हणून पहिली गोष्ट: गोषवारा तुम्हीच लिहून द्या. अर्जाच्या डोक्यावर तीन ओळींत, सर्व्हे नंबर, जुन्या आराखड्यातला आरक्षण क्रमांक, नव्यात काय दाखवलंय आणि नेमकं काय पूर्ववत हवंय ते. एका अर्जात एकच विषय. रस्ता, मैदान, नाला सगळं एकत्र कालवलंत तर त्यांना सोयीचं तेवढंच उचलतात. आमच्या भागातल्या कुणीतरी एकाच मजकुराच्या झेरॉक्स काढून घरोघर सह्या घेतल्या होत्या. हेतू चांगला होता, पण तो सगळा गठ्ठा एकाच क्रमांकाखाली गेला. प्रत्येकाने आपल्या हाताने चार ओळी लिहिल्या असत्या तर तेवढे क्रमांक पडले असते, आणि तेवढ्या जणांना सुनावणीला बोलवावं लागलं असतं.

आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली पोच घ्या. मुदत जाहिरातीतच बघा, कुठे 30 दिवस असतात, कुठे 60. एकजूट ठेवा, कागद जपा, चिडू नका, हे सगळे सांगतातच. शेवटचं मला जमलेलं नाही.

आता जे मला कुणी सांगितलं नव्हतं ते. मैदान प्रारूपात उडालं असं आम्ही समजत होतो. ते त्याच्या आधीच उडालं होतं. प्रारूप करण्यापूर्वी शहराचा विद्यमान भूवापर नकाशा तयार करावा लागतो, कार्यालयात त्याला ईएलयू म्हणतात. त्यात आमची जागा 'मोकळी जमीन' होती. संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते, पण पाहणीवाल्यांना कुंपण, पाटी, गोलपोस्ट काही दिसलं नाही, म्हणून मोकळी. आणि या नकाशावर हरकती मागवायची तरतूदच नाही! तेव्हा कलम 23 खाली आराखडा सुधारण्याचा इरादा जाहीर होतो, त्या जाहिरातीपासूनच जागे व्हा. वापरातल्या जागांचे तारखेसह फोटो काढा, स्पर्धांची परवानगीपत्रं, शाळांची पत्रं गोळा करा आणि नगररचना विभागात देऊन ठेवा. नंतर भांडायला हेच उपयोगी पडतं.

सुनावणीत तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं. लेखी निवेदन द्या, 'अभिलेखावर घ्यावे' असं त्यात लिहा, दुसऱ्या प्रतीवर सही घ्या. नंतर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून समितीचा अहवाल आणि आपल्या हरकतीवरचा अभिप्राय मागा. मला ते कागद मिळाले. अभिप्रायाची ओळ तीच होती, स्वल्पविरामासकट.

एवढं करून होतं का काही, असं सोसायटीतले विचारतात. विचारणारे बहुतेक तेच, ज्यांना सहीसाठी फोन केला तर "काकू, आमच्या साइडला काही नाही ना, मग कशाला?" म्हणाले होते. आता त्यांच्याच खिडकीसमोर इमारत येणार म्हटल्यावर तेच म्हणतात, तुम्ही तेव्हा नीट लढायला हवं होतं. माजी नगरसेवकांनी मैदानावर उभं राहून फोटो काढून घेतला होता. सुनावणीला ते फिरकले नाहीत.

तरी होतं कधी कधी. मुंबईच्या नव्या विकास आराखड्याचं पहिलं प्रारूप फेब्रुवारी 2015 मध्ये आलं. चुकांवरून इतका गदारोळ झाला की एप्रिलमध्येच ते दुरुस्तीसाठी परत घ्यावं लागलं. अर्थात तिथे चुका सगळ्यांच्या दारात आल्या होत्या. एका मैदानासाठी गदारोळ कोण करणार?

समितीच्या अहवालानंतर झालेले बदल राजपत्रात आणि वर्तमानपत्रात प्रसिद्ध होतात. बरेच लोक तिथे थांबतात. पण आराखडा मंजुरीसाठी शासनाकडे गेला की शासन त्यात स्वतः बदल करू शकतं, आणि ते सारभूत स्वरूपाचे असले तर त्यांच्यावर कलम 31 खाली पुन्हा हरकती मागवाव्या लागतात. ही सूचना पेपरात आतल्या पानावर, बारीक टायपात येते. मुदत महिन्याची. बिल्डर लोकांची माणसं ती पहिल्या दिवशी वाचतात. मी रोज दोन पेपर घेते आणि राजपत्राचं संकेतस्थळ बघते. आमचा सर्व्हे नंबर त्या यादीत आला तर लागणारा अर्ज टाइप करून ठेवलाय, गोषवारा वर ठळक अक्षरांत आहे, फक्त तारीख घालायची आहे.