दुःखाला रोज पाच मिनिटं

तेराव्यानंतर नातेवाईक आपापल्या घरी परततात आणि खरं दुःख तेव्हा अंगावर येतं. छातीवर दडपण, मेलेली भूक, पहाटे तीनला टक्क उघडे डोळे. ‘आता विसरा, मन कशात तरी गुंतवा,’ असं सगळेच सांगतात, पण विचार दाबून दबत नाहीत. डॅनियल वेगनर या मानसशास्त्रज्ञाच्या १९८७ च्या प्रयोगात पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही असं बजावूनही तो येतच राहिला, आणि मनाई उठल्यावर तर जास्तच आला. म्हणून सजगतेचा (माइंडफुलनेसचा) मार्ग उलटा आहे: दुःखाला नाकारायचं नाही, त्याला ठरावीक वेळ द्यायचा. पाच मिनिटं बसा, पाय जमिनीला टेकवा, श्वासाकडे लक्ष द्या. हुंदका आला तर तो घशात, छातीत कुठे जाणवतो ते पाहा. ‘मी असं का रडतोय’ असा न्यायनिवाडा नको. वेळ संपला की उठून हातातलं काम करा.

‘दुःखाकडे पाहिलं तर ते वाढेल,’ ही शंका रास्त आहे. दिवसभर त्यातच बुडून राहिलात तर वाढेलही. स्ट्रोब आणि शुट या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलं, की सावरणारं मन झोक्यासारखं हलतं: कधी आठवणींकडे, कधी रोजच्या व्यवहाराकडे. पाच मिनिटांची मर्यादा हा झोका हलता ठेवण्यासाठीच आहे. सावरणं म्हणजे गेलेल्या माणसाशी प्रतारणा, असंही अनेकांना वाटतं. पण इथे आठवण पुसायची नसते. ती आली की कोलमडून न पडता तिच्यासोबत बसता यावं, एवढाच हेतू असतो.

याला रामबाण मात्र समजू नका. २०१४ मध्ये ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात सजगतेच्या ध्यानाने चिंता आणि नैराश्य कमी होण्याचे पुरावे मध्यम स्वरूपाचे आढळले. अपघात किंवा आत्महत्येने माणूस गेला असेल, तर डोळे मिटताच तेच दृश्य समोर येऊ शकतं. अशा वेळी डोळे उघडे ठेवून सावकाश चाला. दहा दिवसांच्या मौन शिबिराची घाई करू नका. सहा महिन्यांनंतरही तीव्र ओढ आणि वेदना रोजचं जगणं अडवत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जीव नकोसा वाटत असेल, तर एक दिवसही थांबू नका: ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं.