पॅसिव्ह व्हॉइस: 'ने' दिसला की 'बाय' लावू नका!



मागच्या आठवड्यात सातवीच्या वर्गात मी फळ्यावर 'रामाने आंबा खाल्ला' हे वाक्य लिहिलं आणि इंग्रजी करायला सांगितलं. बऱ्याच वह्यांत उत्तर निघालं, 'मँगो ईटन बाय राम'. कारण विचारलं तर म्हणे, "सर, हा कर्मणी प्रयोग आहे ना!"

बरोबरच आहे त्यांचं. आंबा खाल्ला, पोळी खाल्ली; मराठीत इथे क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं. पण इंग्रजीत हेच वाक्य सरळ अॅक्टिव्ह आहे: 'राम एट अ मँगो'. पॅसिव्ह म्हणजे 'आंबा रामाकडून खाल्ला गेला'. यातला 'गेला' नीट लक्षात ठेवा. त्याचं काम इंग्रजीत 'टू बी'ची रूपं करतात: 'अ मँगो वॉज ईटन बाय राम'.

आता 'सीता राइट्स अ लेटर' घेऊ. कर्म 'अ लेटर' पुढे आणलं. काळ साधा वर्तमान, लेटर एकवचनी, म्हणून 'इज'. मग क्रियापदाचं तिसरं रूप 'रिटन', शेवटी 'बाय सीता'. झालं: 'अ लेटर इज रिटन बाय सीता'. लेटर्स असती तर 'आर'.

मूळ वाक्यात 'रोट' असेल तर 'वॉज रिटन', 'इज रायटिंग' असेल तर 'इज बीइंग रिटन', 'हॅज रिटन'चं 'हॅज बीन रिटन', 'विल राइट'चं 'विल बी रिटन'. पाहिलंत? 'रिटन' जागचं हललं नाही, काळ सगळा 'टू बी'ने दाखवला. तरी पेपरात भूतकाळ दिसला की 'वॉज रोट' लिहिणारे सापडतातच, आणि येत असलेला मार्क जातो!

'बाय'नंतर सर्वनाम बदलतं. 'आय'चं 'मी' (आपला मराठीतला मी नव्हे हं!), 'ही'चं 'हिम', 'शी'चं 'हर', 'दे'चं 'देम'. कर्ता महत्त्वाचा नसेल तर 'बाय' गाळलं तरी चालतं. 'चोर पकडला गेला', 'द थीफ वॉज कॉट'. कोणी पकडला ते सांगायलाच हवं असं नाही.

आणि कर्मच नसेल तर? 'द बेबी स्लीप्स'. पुढे आणायला काही नाहीच, म्हणून पॅसिव्हही नाही.

वहीत करून पाहा: 'द बॉइज प्लेड क्रिकेट', 'शी इज सिंगिंग अ साँग', 'दे हॅव बिल्ट अ हाऊस', 'ही लाफ्स'. चौथ्या वाक्याला हात लावण्याआधी जरा थांबा.