खोली सोडताना



शालान्त परीक्षा उत्तीर्ण होताच निपाणी, खानापूर व आसपासच्या खेड्यांतील कित्येक विद्यार्थी पुढील शिक्षणासाठी बेळगावास जातात; काही जण सीमा ओलांडून कोल्हापूर गाठतात. वसतिगृहात जागा न मिळाल्यास टिळकवाडी, शहापूर, वडगाव अशा भागांत दोघातिघांनी मिळून खोली भाड्याने घ्यावी लागते. त्या वेळी घरमालकाकडे काही रक्कम अनामत ठेवावी लागते. ती रक्कम अनेकदा वडिलांनी तंबाखूच्या पिकातून किंवा आईने विड्या वळून मोठ्या कष्टाने बाजूस काढलेली असते.

खोली सोडण्याच्या दिवशी घरमालक भिंतीवरील डागांकडे बोट दाखवितात आणि म्हणतात, "रंगाचे पैसे कापून घ्यावे लागतील." अशा वेळी विद्यार्थी एक तर निमूटपणे पैसे सोडून देतो, नाहीतर हमरीतुमरीवर येतो. हे दोन्ही मार्ग बरे नव्हेत. नुकसान कोणते, ते कोणाचे आणि त्याची किंमत किती, हे शांतपणे ठरविणे हा तिसरा मार्ग होय.

झीज आणि मोडतोड

या विषयाचे मूळ १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्ये आहे. भाडेकरूने जागा ज्या स्थितीत घेतली त्याच चांगल्या स्थितीत परत करावी. मात्र वाजवी वापराने होणारी झीज आणि मनुष्याच्या आवाक्याबाहेरील आपत्ती यांचा भार त्याच्यावर नाही, असे त्यात सांगितले आहे. करारात वेगळे ठरलेले नसल्यास हाच नियम लागू होतो. हा कायदा केंद्राचा असल्यामुळे बेळगाव आणि कोल्हापूर या दोन्ही ठिकाणी तो सारखाच आहे.

उन्हाने रंग फिका पडणे, बिजागरी सैल होणे, फरशीची चकाकी जाणे ही झीज होय. खिडकीची काच फोडणे, भिंतीत खिळे ठोकून गिलावा पाडणे, मोरीत कचरा टाकून ती तुंबविणे ही मोडतोड होय. झिजेचे पैसे देण्याचे कारण नाही. मोडतोडीचे पैसे मात्र मागण्याची वाट न पाहता द्यावेत. आपला हक्क सांगणाऱ्याने आपली चूकही कबूल करावी, तरच त्याच्या शब्दाला वजन येते.

मोडतोड झाली तरी भरपाई वाजवीच असावी. समजा, खोलीला रंग देऊन चार वर्षे झाली आहेत आणि असा रंग पाच वर्षे टिकतो हे दोघांसही मान्य आहे. शाई सांडून भिंत खराब झाली व नव्या रंगास पाच हजार रुपये लागणार आहेत. रंगाचे चार पंचमांश आयुष्य आधीच संपले असल्याने विद्यार्थ्याने एक हजार रुपये देणे न्यायाचे होईल. हा हिशेब कायद्यात लिहिलेला नाही. पण वाजवी रक्कम ठरविण्याची ही सरळ रीत आहे. करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली, तरी १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७४ त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाईच देवविते.

खोली घेताना

सोडतानाचा तंटा खरे म्हणजे घेतानाच मिटवावयाचा असतो. त्यासाठी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. करारपत्र कन्नड, मराठी वा इंग्रजी कोणत्याही भाषेत असो. ते समजल्यावाचून सही करू नये. भाषा येत नसल्यास जाणकाराकडून वाचून घ्यावे. अठरा वर्षे पूर्ण झाली नसतील तर करार वडीलधाऱ्यांच्या नावे करावा. अज्ञानाने केलेला करार कायद्यात टिकत नाही.

२. अनामत रकमेची पावती घ्यावी. रक्कम केव्हा परत मिळणार आणि कोणत्या कारणांसाठी कापली जाणार, हे लिहून घ्यावे.

३. भिंती, दारे, कड्या, पंखा, नळ, दिवे यांची यादी करून प्रत्येकाची स्थिती लिहावी आणि खाली दोघांनी सह्या कराव्यात. मोबाईलवर छायाचित्रे काढून तीही त्याच दिवशी घरमालकास पाठवावीत.

महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची असते. कोल्हापुरास जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

राहत असताना

आपल्याकडचा पावसाळा सर्वांच्या परिचयाचा आहे. कौल फुटून वा गच्चीला भेग पडून भिंतीस ओल येते आणि रंगाचे पोपडे सुटतात. हा दोष भाडेकरूचा नव्हे. परंतु तो दिसताच लेखी कळवावे. चार महिने गप्प राहिल्यास ओल कशाने आली हे सिद्ध करणे कठीण जाते.

निरोप घेताना

महिन्याच्या भाड्याने राहत असल्यास आणि करारात निराळी मुदत नसल्यास पंधरा दिवसांची लेखी सूचना द्यावी. शेवटचे भाडे परस्पर अनामतीत वळते करू नये. खोली झाडूनपुसून स्वच्छ करावी, जुनी यादी हाती घेऊन घरमालकांसमवेत प्रत्येक वस्तू पाहावी आणि किल्ली दिल्याची पोच घ्यावी. रक्कम कापली गेल्यास तिचा तपशील व दुरुस्तीची बिले मागावीत. मागणीचे पत्र असे असावे :

"श्री. ... यांस, स. न. वि. वि. आपली खोली दि. ... रोजी सुस्थितीत रिकामी करून किल्ली आपणांस दिली. काचेचे नुकसान माझ्याकडून झाले असून त्याचे रुपये ... वजा करावेत. भिंतीवरील ओल पावसाने आली असून तसे दि. ... रोजी आपणांस कळविले होते. तरी उरलेली अनामत पंधरा दिवसांत परत करावी, ही विनंती. कळावे."

पत्रानेही काम न झाल्यास दोघांच्या ओळखीच्या एखाद्या वडीलधाऱ्या गृहस्थांस मध्यस्थी करावयास सांगावे. त्यापुढे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, अठरा वर्षांखालील मुले आणि अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना तेथे मोफत कायदेशीर साहाय्य मिळते. १५१०० या क्रमांकावरही चौकशी करता येते. लोकअदालतीत झालेली तडजोड दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखीच बंधनकारक असते. मात्र आळस करू नये. पैशांच्या वसुलीच्या दाव्यास सामान्यतः तीन वर्षांची मुदत असते.

घरमालक हे आपले शत्रू नव्हेत. त्यांनीही पै पै साठवूनच घर बांधलेले असते. आपण सोडलेल्या खोलीत उद्या आपल्याच शाळेतील एखादा विद्यार्थी राहावयास येईल. आपण खोली कशी ठेवली आणि व्यवहार किती चोख केला, यावरच घरमालक त्याच्यावर विश्वास टाकतील.