घर बांधण्यापूर्वी : उन्हाळ्यात थंड राहणारे शेतकऱ्याचे घर

शेतकरी आयुष्यात बहुधा एकदाच घर बांधतो. बियाण्याची निवड चुकली तर ती पुढील हंगामात सुधारता येते. परंतु घराची दिशा, छप्पर व भिंती एकदा उभ्या राहिल्या म्हणजे त्या पुढच्या पिढीलाही तशाच सोसाव्या लागतात. म्हणून पाया खणण्यापूर्वी काही निर्णय विचारपूर्वक घेणे अगत्याचे आहे. यांपैकी पुष्कळ निर्णयांना जादा पैसा लागत नाही. वेळेवर विचार तेवढा लागतो.

मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. अशा वेळी पत्र्याच्या घरात बसणे कठीण होते. शेतावरून आलेला पुरुष लिंबाच्या सावलीत जाऊन बसू शकतो. पण चुलीपुढची बाई, तान्हे मूल व अंथरुणाला खिळलेले वृद्ध माणूस यांना दिवस त्याच घरात काढावा लागतो. पंखा लावला तरी तापलेल्या छपराखालची हवाच फिरते आणि विजेचा खर्च वाढतो. यासाठी घर मुळातच कमी तापेल असे बांधावे, हा खरा उपाय होय.

जुन्या घराचे गुण व दोष

माळवदाचे जुने घर उन्हाळ्यात थंड असे, हा अनुभव सर्वांना आहे. जाड भिंती व छपरावरील पांढऱ्या मातीचा थर यांमुळे दुपारची उष्णता आत पोहोचेपर्यंत रात्र होत असे. परंतु ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतील हजारो माणसे अशाच घरांखाली गाडली गेली. तेव्हापासून मातीचे घर म्हणजे मरणाचे घर, अशी समजूत दृढ झाली व लोक पत्रा आणि स्लॅब यांकडे वळले.

हा दोष मातीचा नव्हता; वजनाचा व बांधणीचा होता. एक फूट जाडीच्या मातीच्या थराचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ४८० किलो भरते. म्हणजे दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीवर सुमारे साडेचार टन माती असते. गळती थांबविण्यासाठी वेळोवेळी नवी माती टाकली जाई, त्यामुळे हा भार वाढतच जाई. खाली दगडाच्या दोन पदरी भिंती, मध्ये कपच्यांची भर, आणि दोन पदरांना जोडणारा दगड नाही. त्यामुळे हादरा बसताच पदर सुटून भिंत ढासळली व छप्पर खाली आले. जुन्या घराचा थंडावा घ्यावा, परंतु त्याचा भार व त्याची सैल बांधणी घेऊ नये, एवढा बोध यातून घ्यावयाचा आहे.

दिशेचा निर्णय

घराची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवावी. उन्हाळ्यात सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिण व उत्तर भिंतींना फारसे ऊन लागत नाही. सकाळचे व दुपारनंतरचे तिरपे ऊन पूर्व व पश्चिम भिंतींवर पडते. म्हणून या दोन भिंती आखूड असाव्यात.

समजा, घर ३० फूट लांब, १८ फूट रुंद व १० फूट उंच आहे. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवल्यास पूर्व व पश्चिम मिळून ३६० चौरस फूट भिंत उन्हात येते. तेच घर फिरवून लांब बाजू दक्षिणोत्तर ठेवल्यास ६०० चौरस फूट भिंत तापते. विटा, सिमेंट व मजुरी दोन्हीकडे सारखीच. फरक केवळ खुंट्या ठोकण्याच्या वेळी केलेल्या विचाराचा आहे.

दिशा अंदाजाने ठरवू नये. सपाट जागेत चार फूट उंचीची काठी ओळंब्यात उभी करावी. सकाळी साडेनऊच्या सुमारास सावलीच्या टोकाशी खूण करावी व काठीपासून त्या खुणेपर्यंतच्या अंतराएवढी दोरी घेऊन वर्तुळ काढावे. दुपारनंतर सावलीचे टोक पुन्हा त्या वर्तुळास टेकेल तेथे दुसरी खूण करावी. या दोन खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम होय.

पश्चिमेच्या बाजूस न्हाणीघर, जिना किंवा अवजारांची खोली घ्यावी, म्हणजे राहत्या खोलीला आडोसा मिळतो. धान्याची कोठी मात्र या बाजूस ठेवू नये, कारण उबेत किडीची वाढ जलद होते; ती उत्तरेकडे असावी. भाऊबंदांच्या वाटणीतील चिंचोळ्या जागेमुळे घर फिरविणे शक्य नसेल, तर पश्चिमेस ओसरी काढावी अथवा पुरेसे अंतर ठेवून लिंब, करंज यांसारखे झाड लावावे.

छपराचा निर्णय

दिवसभर ऊन सोसणारा भाग म्हणजे छप्पर. हात आखडता घ्यावयाचाच असेल तर तो फरशी, रंग व दर्शनी भाग यांवर घ्यावा; छपरावर घेऊ नये.

(१) पत्रा : हा हलका, स्वस्त व लवकर बसविता येणारा आहे. तो उन्हात झपाट्याने तापतो आणि ती उष्णता थेट खालच्या माणसावर टाकतो. पत्राच घालावयाचा असेल तर वरून पांढरा रंग द्यावा व खाली छत करावे. तुराट्यांचे किंवा बांबूचे ताटवे करून त्यांना खालून माती व शेणाचा गिलावा दिल्यास चांगले छत तयार होते. पत्रा व छत यांत किमान सहा इंच पोकळी ठेवून तिच्या दोन्ही टोकांस हवा खेळण्यासाठी जाळी बसवावी, म्हणजे उंदीर व साप आत शिरत नाहीत. चुलीच्या वर मात्र असे छत करू नये. आगीचा धोका असतो. वावटळीत पत्रे उडू नयेत म्हणून ते आकड्यांनी घट्ट बांधावेत. वर दगड ठेवून भागवू नये.

(२) कौले : मंगळुरी कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते, त्यामुळे पत्र्यापेक्षा ही छपरे सुखावह असतात. उतार पुरेसा ठेवावा आणि फुटलेली कौले पावसाळ्यापूर्वी बदलावीत.

(३) स्लॅब : चार इंची स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला सुमारे २५० किलो, म्हणजे एक फुटी मातीच्या जवळजवळ निम्मे असते. तो नीट बांधल्यास मजबूत असतो व वर धान्य वाळविता येते. परंतु दिवसभर साठविलेली उष्णता तो संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत खाली सोडतो. रात्री झोप न येण्याचे कारण हेच होय. यावर स्वस्त उपाय चुन्याचा आहे. दर वर्षी उन्हाळ्याच्या आरंभी स्लॅब झाडून-धुऊन त्यावर चुन्याचे दोन हात द्यावेत. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवितो. धूळ बसली की हा गुण कमी होतो, म्हणून हे काम दर वर्षी करावे. ज्यांना एकदाच खर्च करावयाचा आहे त्यांनी पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचा थर पाण्याचा उतार ठेवून बसवावा.

भिंतींचा निर्णय

नऊ इंची विटेच्या भिंतीतून उष्णता आत पोहोचण्यास सुमारे सहा तास लागतात. तेवढ्यात बाहेर थंडावा येतो व खिडक्या उघडता येतात. चार इंची भिंत बाहेरून घेऊ नये; ती उन्हालाही पुरत नाही व हादऱ्यालाही.

दगड जवळ मिळत असेल तर तो अवश्य वापरावा, परंतु भिंत दीड फुटापेक्षा जाड करू नये. उंचीत दर दोन फुटांवर व लांबीत दर चार फुटांवर भिंतीच्या आरपार जाणारा दगड घालावा. जोते, दारे-खिडक्यांचा माथा व छप्पर या तीन पातळ्यांवर घराभोवती लोखंडी सळ्यांसह काँक्रीटचा अखंड पट्टा घ्यावा. पेटीला दोरी बांधावी तसा हा पट्टा चारही भिंती एकत्र धरून ठेवतो. गवंडी हे काम अनावश्यक ठरवील. मालकाने ते सोडू नये.

सिमेंट मिसळून दाबलेल्या मातीच्या विटाही चांगल्या असतात, मात्र काळी माती त्यांस चालत नाही. ती पाण्याने फुगते व वाळली की भेगाळते. याच कारणास्तव काळ्या जमिनीत पाया मुरमापर्यंत नेला पाहिजे. बाहेरून भिंतींना पांढरा अथवा फिका रंग द्यावा.

खिडक्या व झरोके

मोठ्या खिडक्या उत्तर व दक्षिण भिंतींत समोरासमोर घ्याव्यात. एकाच भिंतीत दोन खिडक्या असून समोर वाट नसेल तर हवा खेळत नाही. भिंतीच्या माथ्याशी झरोके ठेवावेत, म्हणजे वर साचलेली गरम हवा बाहेर पडते.

दक्षिणेच्या चार फूट उंच खिडकीस लगतच वर दोन फुटांचा छज्जा पुरेसा आहे. मार्च महिन्याच्या उत्तरार्धापासून दुपारी संपूर्ण खिडकी सावलीत राहते आणि डिसेंबरात सूर्य खाली उतरल्यामुळे निम्म्या खिडकीतून ऊन आत येते. पूर्व-पश्चिमेचे तिरपे ऊन छज्जाने अडत नाही. तेथे खिडकी लहान ठेवून झाप किंवा पडदा लावावा.

कोरड्या हवेच्या प्रदेशात उन्हाळ्यातील नियम असा : सकाळी आठ-नऊ वाजता खिडक्या लावून घ्याव्यात व सूर्यास्तानंतर सर्व उघडाव्यात. दुपारी खिडकी उघडी ठेवल्यास गरम झळ आत येते. कोकणातील दमट हवेत हा नियम लागू नाही. तेथे वारा दिवसाही खेळता राहिला पाहिजे.

स्वयंपाकघर

नकाशा काढण्यापूर्वी स्वयंपाकघराविषयी घरातील स्त्रियांना विचारावे. बसून भाकरी करावयाची की उभ्याने, पाणी कोठून आणावयाचे, सरपण कोठे ठेवावयाचे, हे त्यांनाच ठाऊक असते. गॅस आला तरी पुष्कळ घरी भाकरी व आंघोळीचे पाणी चुलीवरच होते. सबब धुराडे बांधतानाच ठेवावे व ते छपराच्या वर न्यावे. मागाहून स्लॅब फोडून धुराडे काढणारा क्वचितच आढळतो. मग धूर बाईच्या डोळ्यांत व छातीत जातो.

चार-पाच जनावरे असतील तर गोबर गॅसचा विचार करावा. दोन घनमीटरच्या संयंत्रास रोज सुमारे ५० किलो शेण लागते व लहान कुटुंबाचा स्वयंपाक त्यावर होतो. त्यासाठी गोठा व स्वयंपाकघर यांमध्ये, विहिरीपासून दूर, उन्हाची जागा नकाशातच राखून ठेवावी. बाहेर पडणारी मळी शेतास उत्तम खत होते.

वीज

घर थंड झाल्यावर विजेची गरज आपोआप घटते; उरलेली गरज काटकसरीने भागवावी. साधा पंखा सुमारे ७५ वॉट घेतो व बीएलडीसी पंखा सुमारे ३० वॉट. रोज बारा तास चालविल्यास महिन्यास एका पंख्यामागे सुमारे १६ युनिट वाचतात. छपरावर सौर पट्ट्या बसवावयाच्या असतील तर प्रत्येक किलोवॉटला सुमारे दहा चौरस मीटर बिनसावलीची जागा लागते. दक्षिणेस तोंड करून त्या बसवाव्यात व त्यांचे आधार स्लॅब घालतानाच पक्के करावेत. २०२४ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेखालील अनुदानाची चौकशी महावितरणच्या कार्यालयात करावी.

कार्यकर्त्यांनी करावयाचे काम

प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण या योजनेतील घर स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटरचे असावयाचे असते. एवढ्या लहान घरासही वरील बहुतेक गोष्टी लागू पडतात. लाभार्थ्याच्या हाती पहिला हप्ता पडण्यापूर्वीच गावपातळीवरील कार्यकर्त्याने जागेवर जावे व पुढील गोष्टी गवंडी आणि घरातील स्त्री-पुरुष यांच्या समक्ष ठरवून घ्याव्यात :

(१) काठीच्या सावलीने दिशा काढून खुंट्या ठोकाव्यात.
(२) छपराचा प्रकार व त्यावरील पांढरा थर ठरवावा.
(३) काँक्रीटचे पट्टे व आरपार दगड यांचा खर्च अंदाजपत्रकात धरावा.
(४) समोरासमोरच्या खिडक्या, झरोके व धुराडे आखणीतच दाखवावे.
(५) झाडाची, गोबर गॅसची व सौर पट्ट्यांची जागा राखावी.

रब्बीची पेरणी आटोपल्यावर पाया घेतल्यास मृगापूर्वी छप्पर पुरे होते. पैसा अपुरा पडल्यास आतील गिलावा व फरशी पुढील वर्षावर टाकण्यास हरकत नाही. वरील पाच बाबींपैकी मात्र एकही पुढे ढकलू नये.